सहाशे बारा पाट्या आणि वरची एक

ज्या वर्षी माझी रशियनची पदविका पूर्ण झाली, त्याच वर्षी तो देश मोडीत निघाला. पाच वर्षं मी शाळा-कॉलेज सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला सायकल मारत गेले होते. पहिल्या वर्गात पास झाले. निकालाचे पेढे संपतात न संपतात तोच बातम्या सुरू झाल्या, की ज्यांच्याशी मी बोलणार होते त्यांचं दुकानच उठलं. आमच्या नातेवाइकांना आयताच विनोद मिळाला. कुठल्याही लग्नात कुणीतरी मामा पंगतीत विचारायचेच, "काय गं, तुझा देश सापडला का?"

रशियनचा हट्ट माझा नव्हता, बाबांचा होता. ते पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथे सोव्हिएत यंत्रं यायची, यंत्रांबरोबर त्यांची माणसं यायची, आणि त्या माणसांचं बोलणं सांगायला दिल्लीहून एक दुभाषा यायचा. तो आत आला की मोठे साहेब स्वतः उठून त्याला खुर्ची द्यायचे. बाबा बावीस वर्षं त्या साहेबांसमोर उभे होते, त्यांना कुणी स्टूलसुद्धा दिलं नव्हतं. एक दिवस ते घरी आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "पोरीला रशियन शिकवायची. साहेब उठून खुर्ची देतात."

मग तो देश गेला, मी बँकेत कारकुनी केली, लग्न झालं, नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागली आणि मी त्याच्या कामाच्या पासवर आश्रित म्हणून तिथल्या तोआ पायोह वस्तीत आले. विमानतळावर बाबांनी माझ्या हातात तो जाडा निळा शब्दकोश दिला. वीस किलोत तो बसवायला मला कुकर काढावा लागला. तेव्हा ते म्हणाले, "तुझी पाच वर्षं मी वाया घालवली गं." इतकंच. पण माणूस वाईट असतो. एकदा बोललं गेलेलं विसरत नाही, ना बोलणारा ना ऐकणारा. दर रविवारी दुपारी मी पुण्याला फोन करायचे आणि दर रविवारी ते शेवटी विचारायचे, "शब्दकोशाला वाळवी नाही ना लागली?" त्या प्रश्नाचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. मी म्हणायचे, नाही लागली. आणि फोन ठेवला की शब्दकोश काढून त्यावरची धूळ पुसायचे.

म्हणून लायब्ररीतल्या फळ्यावर तो कागद दिसला तेव्हा मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तो तीनदा वाचला. युक्रेनच्या आणि जुन्या सोव्हिएत मुलखातल्या इतर देशांच्या स्वतंत्र चित्रपटांचा छोटा महोत्सव भरणार होता आणि त्यांना रशियन येणारे स्वयंसेवक हवे होते. मानधन नाही, चहा मिळेल, असंही खाली लिहिलं होतं. मी त्याच पिशवीसकट पोचले. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं कार्यालय होतं, आणि कार्यालय म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि महोत्सव भरवणारी एक चिनी मुलगी. मुलगी म्हणजे तिशीची असेल. कॉलेजात सिनेमा शिकवायची, झोपायची कधी ते देव जाणे.

तिने मला एक कॅसेट दाखवली. युक्रेनच्या एका दिग्दर्शिकेचा चित्रपट होता. बाई सत्तरीच्या, हा त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलेला सिनेमा, आणि रविवारी खेळाला त्या जातीने हजर राहणार होत्या. पण कॅसेटवर इंग्रजी संवाद छापलेलेच नव्हते. रविवारच्या आत कुणी ते लिहून दिले नाहीत तर हा चित्रपट काढून त्या वेळेला दुसरा लावावा लागणार होता आणि बाईंना ते विमानतळावर सांगावं लागणार होतं. "अर्धा रशियन, अर्धा युक्रेनियन," ती म्हणाली. "कॅन ऑर नॉट?"

सिंगापुरात या प्रश्नाला लांबलचक उत्तर द्यायची पद्धत नाही. मी म्हणाले, "कॅन." वर छातीठोकपणे हेही सांगितलं की रशियन येणाऱ्याला युक्रेनियन आपोआप कळतं, आमच्याकडे मराठी येणाऱ्याला कोकणी कळते तसंच.

झक मारली आणि सांगितलं. घरी येऊन कॅसेट लावली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. चित्रपट एका सामायिक स्वयंपाकघरात घडतो. पाच बिऱ्हाडं, पाच शेगड्या, आणि एक म्हातारी आई, जी सबंध दिवस एका स्टुलावर बसून बटाटे सोलते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते. बाकी सगळे रशियन बोलत होते, ते मला कळत होतं, अगदी शिव्या सोडल्या तर. पण सगळा सिनेमा ज्या आईवर उभा, ती आई युक्रेनियन बोलत होती, तेही दात नसलेल्या तोंडाने. कोकणी कळते हो, पण सावंतवाडीची आजी सुपारी चघळत स्वतःशी पुटपुटायला लागली की किती कळते ते मला विचारा. इथेच घोडं पेंड खात होतं. सोमवार ते गुरुवार मी स्वयंपाकाला सुट्टी दिली. नवरा रोज खाली हॉकर सेंटरमध्ये जेवायचा आणि माझ्यासाठी नूडल्स बांधून आणायचा. एकदा त्याने डोकावून विचारलं, "किती झालं?" मी म्हणाले, "बटाटे सोलून झाले, आई काय म्हणाली ते राहिलंय."

शुक्रवारी दिग्दर्शिका आल्या आणि त्यांनी स्वतःच ठरवलं की हॉटेलात बसण्यापेक्षा भाषांतर करणाऱ्या बाईच्या घरी बसावं. आमच्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. ती पाचव्यावर थांबायची आणि आम्ही सहाव्यावर. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना चढताना त्यांनी जो शब्द वापरला तो माझ्या निळ्या शब्दकोशात नव्हता. वरच्या पायरीवर मी स्वागताला उभी होते. बारा वर्षांनी पहिल्यांदा जिवंत माणसाशी रशियन बोलायचं होतं. मी खोल श्वास घेतला आणि पाठ्यपुस्तकात शिकवलं होतं तसं शुद्ध म्हणाले, "आदरणीय कॉम्रेड, आपला प्रवास फलदायी झाला काय?"

बाईंनी मागे वळून पाहिलं, कुणी दुसरं आलंय का म्हणून. मग भिंतीला धरून हसायला लागल्या. दम लागलेला, हसू आवरेना, शेजारची चिनी आजी दार उघडून बघायला आली. शेवटी त्या म्हणाल्या, "पोरी, तू माझ्या लहानपणच्या वर्तमानपत्रासारखी बोलतेस." मी काय करू, आमच्या पुस्तकात सगळी माणसं ट्रॅक्टरवरच भेटायची आणि एकमेकांना अहवाल द्यायची.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत वेडा दिवस असेल. टीव्ही आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतला. आई काहीतरी बोलली की बाई कॅसेट थांबवायच्या आणि ते वाक्य मला रशियनमध्ये सांगायच्या, नाही कळलं तर करून दाखवायच्या. ती आई त्यांची स्वतःची आई होती. पडद्यावर शेजारच्या गावातली एक म्हातारी होती, पण शब्द सगळे आईचे. "साल जाड काढलीस तर शेवटचं पोर उपाशी राहील," हे वाक्य समजावताना त्यांनी माझ्या ओट्यावरचा बटाटा घेतला आणि एकाच सलग पट्टीत सोलून दाखवला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. रविवारच्या वड्यांसाठी मी पाच किलो बटाटे आणले होते. आम्ही ते उकडून मग सोलतो हे मी त्यांना सांगेपर्यंत चार किलो सोलून झाले होते.

पहिल्याच प्रसंगाबद्दल त्या हात थांबवून बोलल्या. चित्रपट काळोखात सुरू होतो. पडदा कोरा काळा आणि रेडिओवर सकाळी सहाचं राष्ट्रगीत, त्या जुन्या राज्याचं. सबंध गाणं होतं आणि मगच उजेड येतो. बाकीची बिऱ्हाडं हातात झारा, टॉवेल, जे असेल ते घेऊन ताठ उभी असतात. आई स्टुलावर बसलेली असते. "माझ्या बापाला एका पहाटे घेऊन गेले," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून ती या गाण्याला उठली नाही. शेजारणी घाबरायच्या. कुणीतरी सांगेल म्हणायच्या. ती बसूनच राहायची. सगळा सिनेमा तेवढ्यासाठी केलाय." मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यांच्यापुढे चहा सरकवला.

वडे कशासाठी ते सांगायचं राहिलं. गुरुवारी त्या चिनी मुलीने मला फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं होतं की रविवारी सकाळी अकराच्या खेळाला फक्त नऊ तिकिटं गेली आहेत, त्यातली दोन तिची स्वतःची. सव्वाशे खुर्च्यांत नऊ माणसं. त्या बाई एवढ्या लांबून येणार, सत्तरीच्या वयात. मला ते डोळ्यांपुढे दिसायला लागलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे हळदीकुंकवाला बोलवायची एक पद्धत होती: एकीने पाच जणींना फोन करायचा, त्या पाच जणींनी पुढच्या पाच-पाच जणींना. संक्रांतीला या साखळीने एका दुपारीत सिंगापुरातली यिशुनपासून हौगांगपर्यंतची मराठी घरं हलायची. मी शुक्रवारी दुपारी, बाई बटाटे सोलत असताना, ती साखळी हलवली.

सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. पार्किंग आहे का, मुलं आणली तर चालतील का, गाणी आहेत का. मी सांगत होते, गाणं एक आहे, अगदी सुरुवातीला, आणि नंतर बटाटेवडे. "रशियन सिनेमा आहे गं," असं मी पहिल्या फोनवर म्हणाले. दुसऱ्यावर म्हणाले, तिसऱ्यावर म्हणाले. बाईंना मराठी येत नव्हती पण तो एक शब्द येत होता. चौथ्या फोनला त्यांनी सुरी ओट्यावर आपटली. मी फोन कानाला धरूनच वळले. त्या शांतपणे म्हणाल्या, "युक्रेनियन." मी फोनवर म्हणाले, "युक्रेनियन सिनेमा आहे गं," आणि पहिल्या तिघींना पुन्हा फोन करून दुरुस्ती दिली. तुम्हाला कुणी परदेशात हिंदीवाले समजलं तर कसं वाटतं, असं विचारलं की आमच्या बायकांना लगेच पटलं.

रविवार उजाडला. व्यवस्था अशी होती: चित्रपट मोठ्या पडद्यावर, आणि पडद्याखाली एक लांब काळी पट्टी, तिच्यावर मी लिहिलेले संवाद दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरने पडायचे. तो प्रोजेक्टर मधल्या वाटेत, पाचव्या रांगेपाशी, एका स्टुलावर ठेवला होता. त्याची वायर मागे माझ्या लॅपटॉपपर्यंत आलेली. एकेक संवाद म्हणजे एकेक पाटी. पडद्यावर माणूस बोलला की मी स्पेसबार दाबायचा, पाटी बदलायची. अशा सहाशे बारा पाट्या मी केल्या होत्या आणि कागदावर प्रत्येकीचा नंबर लिहून ठेवला होता. पुण्याच्या माणसाला पाट्या लिहायला शिकवावं लागत नाही, पण सहाशे बारा म्हणजे फार झालं. मला बसायला जागा नव्हती, कारण शेवटच्या रांगेपर्यंत लोक भरले होते. होय, भरले होते. जरीच्या साड्या, कुर्ते, दोन तान्ही मुलं, आणि त्यांच्यामध्ये काळे टी-शर्ट घातलेले सिनेमावाले विद्यार्थी गोंधळून बसलेले. मी एका उपड्या प्लास्टिकच्या क्रेटवर टेकले. दिग्दर्शिका माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत कडेला. गर्दीकडे बघून त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे काळंनिळं झालं.

आणि आता जे घडलं त्यात चूक माझी आहे, हे आधीच कबूल करते. हौगांगच्या एका मैत्रिणीचे सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. सासरे म्हणजे काका, साताऱ्याकडे एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, कंबरेत ताठ. त्यांनी दारात मला अडवलं. त्या दिवसांत महाराष्ट्रात थिएटरमध्ये सिनेमाआधी राष्ट्रगीत लावायला सुरुवात झाली होती आणि काकांना ते मनापासून पटलं होतं. त्यांनी विचारलं, "सुरुवातीला राष्ट्रगीत आहे ना?" माझ्या एका हातात वायर, दुसऱ्या हातात लॅपटॉप, डोक्यात सहाशे बारा पाट्या. मी म्हणाले, "हो हो काका, आहे, अगदी सुरुवातीलाच." आणि पुढे पळाले. काका आत गेले आणि रांगारांगांतून सगळ्यांना सांगत गेले.

दिवे गेले. पडदा काळा. रेडिओची खरखर आली आणि ते गाणं सुरू झालं, संथ, भारदस्त. चौथ्या रांगेतले, वाटेच्या कडेचे काका ताडकन उठले आणि सावधान झाले. त्यांच्यापाठोपाठ रांगच्या रांग उठली. साड्यांची सळसळ, खुर्च्यांची खटखट. विद्यार्थ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळे उठताहेत म्हटल्यावर तेही उठले. तान्हं मूल खांद्यावर घेऊन एकजण उठला. अर्ध्या मिनिटात अख्खं सभागृह त्या गाण्याला उभं होतं. फक्त तीन माणसं बसलेली: मी, ती चिनी मुलगी आणि दिग्दर्शिका.

माझी पाचावर धारण बसली. एका बाईची आई ज्या गाण्याला आयुष्यभर उठली नाही, त्या गाण्याला मी फोन करकरून सव्वाशे माणसं आणून उभी केली होती. आणि ती बाई माझ्या शेजारी बसून ते बघत होती. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. चिनी मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "व्हाय दे ऑल स्टँडिंग लाह?" ओरडावं तर दिग्दर्शिकेचा सिनेमा चालू. पुढे पळत जाऊन एकेकाला बसवावं तर गाणं तोवर संपायचं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पाच वर्षं, निळा शब्दकोश, आणि हा निकाल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग काय सुचलं कोण जाणे. मी सहाशे बारा पाट्यांच्या आधी एक कोरी पाटी घातली. लॅपटॉपवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीत, मोठ्यात मोठ्या टायपात, दोन शब्द ठोकले: खाली बसा. आणि स्पेसबार दाबला.

पाटी पडद्याखाली पोचलीच नाही. पुढच्या रांगा उभ्या होत्या ना. ते शब्द थेट काकांच्या पांढऱ्या शर्टावर पडले, पाठभर, स्वच्छ, वाचता येतील असे. पाचव्या रांगेपासून मागच्या सगळ्यांनी ते वाचले. आपली माणसं लिहिलेल्या पाटीचं ऐकतात. सहावी रांग बसली, पाचवी बसली, मागच्या धडाधड बसल्या. पुढच्या चार रांगांना काहीच माहीत नव्हतं, त्या तशाच ताठ. खुर्च्यांचा आवाज ऐकून काकांच्या शेजारच्या काकूंनी मागे वळून पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. आणि त्या अंधारात, त्या गंभीर गाण्याच्या मध्यावर, साताऱ्याच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमच्या पाठीवर लिहिलंय, खाली बसा."

सभागृह फुटलं. मराठी हसले कारण त्यांना कळलं, विद्यार्थी हसले कारण मराठी हसले. काका खाली बसले, पुढच्या रांगा बसल्या, आणि पाटी एकदाची तिच्या जागी, काळ्या पट्टीवर जाऊन पडली. नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं आणि पडद्यावर उजेड आला. स्वयंपाकघर. उभी असलेली माणसं, हातात झारे. मधोमध स्टुलावर बसलेली आई, मांडीवर बटाटे, सरळ आमच्याकडे बघत. तिच्या पायाशी माझी पाटी होती. हसणं आपोआप थांबलं.

पुढची पंचाण्णव मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. एक पाटी वाढल्यामुळे कागदावरचे सगळे नंबर एकाने चुकले होते. प्रत्येक संवादाला मनातल्या मनात एक मिळवायचा आणि स्पेसबार दाबायचा. माझे पाय क्रेटवर बधिर झाले होते. शेजारी बघायची माझी हिंमत झाली नाही. पण पाट्या चुकल्या नाहीत. "साल जाड काढलीस" वर सबंध सभागृहातल्या बायका हं म्हणाल्या, सगळ्या एकाच वेळी. शेवटी आई स्टूल उचलून निघून जाते तेव्हा काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि काका नाक शिंकरत होते.

दिवे लागल्यावर बाई डोळे पुसत, पण हसत पुढे गेल्या. त्या रशियनमध्ये बोलत होत्या आणि मी इंग्रजीत सांगत होते. त्या म्हणाल्या की हा सिनेमा त्यांनी पुष्कळ ठिकाणी दाखवला, त्या गाण्याला कुणी उठलं नाही की बसलं नाही, लोक पॉपकॉर्न खात बसले. "आज तुम्ही सगळे उठलात तेव्हा मला पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर दिसलं," त्या म्हणाल्या. "अगदी तसंच. सगळे उभे आणि आपण बसलेले. आणि मग समोर ते शब्द आले. या बाईने मला अर्थ सांगितला नाही, पण मला कळला. माझी आई हेच शेजाऱ्यांना आयुष्यभर डोळ्यांनी सांगत होती. तोंडाने सांगायचं धाडस कुणालाच नव्हतं." हे इंग्रजीत सांगताना मी दोनदा चुकून मराठीत गेले. त्या म्हणाल्या, ती पाटी काढायची नाही, जिथे जिथे सिनेमा जाईल तिथे ती सर्वांत आधी येईल. म्हणजे बघा, पाच वर्षं रशियन शिकून जगात सगळीकडे जाणारं माझं जे एकमेव वाक्य आहे, ते मराठीत आहे.

काका माफी मागायला आले. मी म्हणाले, काका, माफी कसली, तुम्ही नसता तर पाटीच पडली नसती. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण वडा घेतला.

बाहेरच्या व्हरांड्यात वड्यांवर झुंबड उडाली होती. तिथे एकच खुर्ची होती आणि ती गुडघ्यांमुळे दिग्दर्शिकेला दिली होती. विद्यार्थी तिच्याभोवती जमिनीवर बसले होते, तिखटाने डोळ्यांतून पाणी काढत. मी नवऱ्याचा मोबाइल घेतला, कॉलिंग कार्डाचे नंबर दाबले आणि पुण्याला फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटेला उचलला. मला एका दमात सगळं सांगायचं होतं आणि त्यामुळे काहीच नीट सांगता येत नव्हतं. कॉम्रेड, बटाटे, काकांची पाठ, सगळं उलटंसुलटं. ते मध्येच हसत होते. असं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे रशियन लागली कामाला?"

"लागली बाबा. आज दिवसभर तीच लागली."

"दमलेली वाटतेस. उभी आहेस का?"

मी उभी होते. सकाळी सातपासून, क्रेटवरचा दीड तास सोडला तर, मी उभीच होते आणि बोलता बोलता भिंतीला टेकले होते. ते मला कळायच्या आधी दिग्दर्शिकेला दिसलं. ती बाई खुर्चीच्या हाताला धरून, गुडघे सावरत, मुलांना बाजूला करत उठली. खुर्ची तिने घासत माझ्यापाशी आणली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या दिवशी शिकलेले दोन शब्द सावकाश, तिच्या जाड्या आवाजात म्हणाली, "खाली बसा."

बाबांनी फोनवर ते ऐकलं. "कोण गं?" त्यांनी विचारलं.

"त्याच. ज्यांचा सिनेमा."

"खुर्ची दिली?"

"हो बाबा," मी म्हणाले. "स्वतः उठून दिली."

बाबांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. कार्डावरची मिनिटं जात होती, जाऊ दिली. मी खुर्चीत बसून राहिले.